बर्फ वजा करून

जून-जुलैत बोटी वर ओढलेल्या असतात,
बर्फाचा कारखाना बंद.
वेंगुर्ल्याला त्याच्या वरच्या खोलीत आम्ही चौघं
दुसऱ्या कोणाची तरी आयुष्यं खेळतो.
मी सूत्रधार. म्हणजे दार मीच,
दारामागचा राक्षसही मीच.

पहिलं पुस्तक जाड. तीनशे चाळीस पानं,
दमटपणानं फुगून आता चारशेची वाटतात.
त्यात सगळं आहे : दोरखंडाचं वजन,
चिलखत घालून पोहणारा किती फेऱ्यांत बुडतो,
बुडता बुडता काय काय टाकून देता येतं.
एक झटापट सुरू झाली की चहा दोनदा होतो.
सिल्वेस्टरचा वार चुकतो, आणि पुन्हा पाळी येईस्तोवर
तो खाली जाऊन स्कूटरमध्ये हवा भरून येतो.
पण रोहिदास मेला ना, म्हणजे त्याचा तिरंदाज,
तेव्हा कोणी माझ्याकडे बघितलं नाही.
सगळे वीस बाजूंच्या फाशाकडे बघत होते.
ह्याची किंमत मला फार उशिरा कळली.

दुसरं बारा पानांचं. लुडोतले दोन फासे पुरतात.
जास्त पडले, जमलं. कमी पडले, फसलं.
मधले पडले तर : जमलं, पण.
त्या 'पण'वर मी भाळलो.
तांडेलकाका एकदा जिन्यात उभं राहून ऐकत होते, म्हणाले,
"ह्या मातर खरा. जाळा भरता, पण फाटता."
एका संध्याकाळी आम्ही बेट जिंकलं, घालवलं,
एका राणीला फसवून परतही आलो.
आणि नाझनीन तीन तास काही बोलली नाही.
जाड पुस्तकात राणी तीच होती :
कुठला मंत्र कुठल्या पानावर, तिला पाठ,
बेरीज माझ्याआधी तिची.
इथे जो मोठ्यानं बोलेल त्याचं जहाज पुढे.
जाताना छत्री उघडत म्हणाली,
"माजी ताकद कागदार होती. तू कागदच काडून घेतलस."

तिसऱ्यात फासेच नाहीत. प्रत्येकापुढे सात काजूबिया.
कबूल करायला एक द्यायची, नाकारायला दोन.
सिल्वेस्टरनं, की त्याच्या त्या तस्करानं,
भावाला खाडीत सोडून आल्याचं कबूल केलं
आणि बी पुढे सरकवताना हात मधेच थांबला.
पंखा फिरत राहिला.
त्याला खरा भाऊ आहे, मस्कतला.
इतका चांगला खेळ आमचा कधी झाला नाही,
आणि तो पुन्हा खेळूया असं कोणी म्हटलं नाही.
बिया रोहिदासनं भाजून खाल्ल्या.

कारखान्याचा जुना काटा खोलीतच पडून आहे.
लिलावात मासळी तोलतात तशी मी पुस्तकं तोलू बघतो,
बर्फ वजा करून.
मग आठवतं, बर्फ काढला की मासळी
दुपारपर्यंतही टिकत नाही.

जिथे नियम गप्प बसतो
तिथे सूत्रधाराचा स्वभाव नियम होतो.
आणि माझा स्वभाव मला ठाऊक आहे.
सिल्वेस्टर हसवतो, त्याला मी सोपे आकडे सांगतो.
नाझनीन बरोबर असते. तिला अवघड.

बंदीचे अकरा दिवस उरले.
काल रात्री बारा पानांच्या पुस्तकाच्या कोऱ्या पाठीवर
जाड पुस्तकातलं बुडण्याचं कोष्टक उतरवून घेतलं.
राक्षसाचे आकडेही आधीच लिहिले,
शाईनं, सगळ्यांना दिसतील असे,
आणि आज वही नाझनीनपुढे सरकवली.
तिनं चष्मा पुसला. वाचलं. पान उलटून पुन्हा वाचलं.
"दोन जाग्यार चुकलस," म्हणाली,
आणि पेन मागितलं.