थांब्याचं कारण

रात्रपाळीला माझ्याकडे एकेचाळीस ट्रक असतात.
म्हणजे एकेचाळीस ठिपके,
कालामाहून अंतोफागास्ताच्या बंदराकडे
तांबं घेऊन उतरणारे.
प्रत्येकाच्या शेपटीला वेग, ब्रेक, डिझेल,
आणि काचेच्या वर, आत तोंड करून बसलेला
एक डोळा, जो जांभया मोजतो.

ठिपका हिरवा असला की मला काम नसतं.
तो लाल होतो आणि मी कुणीतरी होते.

विल्फ्रेदो कोल्के, ट्रक सतरा.
मंगळवारी आणि शुक्रवारी, पहाटे तीनच्या सुमारास,
जिथे टपरी नाही, पंप नाही, झुडूपसुद्धा नाही
तिथे चार मिनिटं लाल.

रकान्यात कारण भरावं लागतं.
एक, डिझेल. दोन, टायर. तीन, पोलीस.
चार, नैसर्गिक विधी.
पाच, इतर, आणि त्यापुढे तपशिलाला बोटभर जागा.
मी रेडिओवर विचारलं.
तो जरा थांबून म्हणाला,
"चार लिहा, यास्नाबाई."

दोन महिने मी चार लिहिला.
मग वरच्या मजल्यावर कुणीतरी चारांची बेरीज केली.
वय अठ्ठावन्न, ठरल्या वारी, ठरल्या जागी,
हा माणूस आजारी असणार.
दवाखान्यात पाठवलं. तो गेला.
कपडे उतरवले, कुशीवर वळला,
अनोळखी डॉक्टरला हवं ते सगळं तपासू दिलं,
ती चार मिनिटं तेवढी दिली नाहीत.
अहवाल माझ्याच पडद्यावर आला.
मी वाचायला नको होता. वाचला.
सगळं ठीक होतं.

तो उतरला की आतल्या कॅमेऱ्यात फक्त सीट दिसते,
दबलेली, हळूहळू वर येणारी.
आरशाला टांगलेला लोकरीचा लामा
झुलतो, मग झुलायचा थांबतो.
दार उघडतं. तो येतो, हातात रिकामी बाटली.
जाताना भरलेली होती.

उपग्रहाच्या चित्रात ती जागा मी मोठी करून पाहिली नाही.
खोटं कशाला बोलू, एकदा पाहिली.
रस्त्याच्या कडेला खुराड्याएवढं
एक पांढरं घर, भोवती काहीतरी चकाकणारं, पुष्कळ.
आमच्याकडे रस्त्यात जो मरतो
त्याला रस्त्यालगतच घर बांधून देतात,
आणि या वाळवंटात तहान मेल्यावरही
सुटत नसणार.
नाव वाचता येईना.
अजून मोठं केलं तर नुसते चौकोन झाले.
बरं झालं.

त्यानंतर मी नियम मोडला, तोही अर्धाच.
चार सोडून पाच घेतला
आणि बोटभर जागेत लिहिलं: पाणी.
खोटं नव्हतं.
वर्कशॉपने त्याचा रेडिएटर बदलला.
कोरा करकरीत. तरी ट्रक सतरा मंगळवारी थांबला,
आणि मी एकटीच हसले
एकेचाळीस ठिपक्यांसमोर,
माझ्यावर रोखलेल्या कॅमेऱ्याखाली.

आणि मग हा शुक्रवार.
तीन वाजून बारा. तेरा.
ठिपका त्या जागी आला आणि गेला.
वेग बावन्न. ब्रेक नाही. जांभई नाही.
संगणकाने त्याच्या नावापुढे एक तारा लावला.
न थांबण्याला रकाना नसतो.

मी रेडिओ उचलला.
"सतरा."
"बोला."
काय विचारू?
विचारलं तर त्याला कळेल
मला किती दिवसांपासून माहीत आहे.
पडद्याच्या कोपऱ्यात त्याचा चेहरा होता.
मी त्यावर तळहात ठेवला.
"काही नाही," म्हटलं, "खाली धुकं आहे. जपून या."
"धुकं तर रोजच असतं," तो म्हणाला,
आणि बटणावरचं बोट काही
बराच वेळ उचललं नाही.
मी इंजिन ऐकत राहिले.