दोन बोटं माया

शाळा सुटली की लोकू घरी जात नाही, दुकानात येतो.
दप्तर मशीनखाली, चपला कुठेही,
हात चिंध्यांच्या बोचक्यात कोपरापर्यंत.
पारोळ्याच्या बाजारगल्लीत माझं दुकान ते केवढं,
एक मशीन, एक बाकडं, एक उभा आरसा.
आरशाला वरच्या बाजूला तडा,
त्यामुळे मोठ्या माणसांची मुंडकी दुभंगतात
आणि मुलं तेवढी अख्खी दिसतात.

सोमवारी तो फौजदार होता, खांद्यावर हुकांची पाकिटं.
मंगळवारी एसटीचा कंडक्टर,
फॉलचे तुकडे फाडून गिऱ्हाइकांना तिकिटं दिली,
एका म्हातारीला धुळ्याचं, तिला जायचं नव्हतं तरी.
बुधवारी तो मी झाला.
गळ्यात टेप, कानामागे खडू,
"काकू, उद्या नक्की देते," अगदी माझ्याच खोट्या आवाजात.
मी हसले,
आणि दुसऱ्या दिवशी ते ब्लाऊज खरंच देऊन टाकलं.

शुक्रवारी कुणाच्या तरी घागऱ्याचं अस्तर उरलं होतं, मोरपंखी.
ते त्यानं कमरेला गुंडाळलं, टोक खोचलं,
कपाळाला लेसचे दोन पदर,
आणि गोल फिरला. एकदाच. मग थांबला.
एरवी तो सांगत सुटतो, फुई, मी अमका, फुई, मी तमका.
त्या दिवशी काही बोलला नाही.
आरशाकडे बघत राहिला,
ओळखीचं माणूस लांबून येताना दिसावं
आणि नाव आठवू नये, तसा.
मी पायडल थांबवलं.

मापाला आलेली रखमाबाई दारातूनच म्हणाली,
"हाई कोन वं? आंडोर शे का आंडेर?"
आमच्या बोलीत मुलगा आणि मुलगी यांच्यात
एका कान्याचा फरक.
लिहिताना हात जरा हलला की झालं.
लोकू म्हणाला, "आते मी मोर शे."
"मंग पिसं संभाळजो भो," ती म्हणाली,
आणि ब्लाऊजचा गळा किती खोल, त्यावर आली.

ती गेल्यावर त्यानं विचारलं,
"कानबाईच्या नारळाला आपण नथ घालतो,
त्याला आधी विचारतो का, तू कोण?"
नाही रे. डोळे बसवतो, नथ घालतो, लुगडं नेसवतो
आणि मग पाया पडतो.
"अन् दुसऱ्या दिवशी?"
दुसऱ्या दिवशी नदीवर नेतो.
यावर तो बराच वेळ गप्प.

सहाला भटू आला, माझा भाऊ, त्याचा बाप.
जिनिंगमधून सरळ. केसांत, भुवयांवर, मिशीवर रुई.
अस्तर पाहिलं. जबडा आवळला.
तो जबडा मला माहीत आहे, आमच्या बापाचा,
भटूनं नुसता अंगात घातलाय, ढगळ होतो त्याला.
"पप्पा, तुम्ही म्हातारबाबा झालात?"
लोकू खुशीत, खेळायला नवा गडी आल्यासारखा.
भटू आरशापुढे गेला. तडा चुकवायला वाकला.
बघितलं.
रुई झटकली नाही.
"घर चाल," म्हणाला, आणि बाकड्यावर बसला.

शाळेच्या पॅन्टचं माप तेव्हाच घेऊन टाकलं, अस्तरावरूनच.
ते सोड, असं कुणी म्हणालं नाही.
राहू दे, असंही नाही.
वहीत उंची लिहिली, कंबर लिहिली,
निळं कापड पसरलं, खडूनं रेघ ओढली
आणि रेघेबाहेर दोन बोटं माया धरली.
सगळ्याच मुलांना धरते,
कुठल्या बाजूनं वाढतील, आधी कळत नाही.
"एवढी कशाला?" भटूनं विचारलं.
मी कात्री चालवली.