वाफ

याशच्या टपाल कचेरीत, मागच्या अंगाला,
नऊ नंबरच्या खोलीला खिडकी नव्हती.
एक किटली होती, हाडाची पातळ सुरी,
गोंदाची बाटली, चाळीसचा दिवा
आणि मी.

लिफाफा वाफेवर धरायचा
तो थंडीत तळवा शेकतात तसा. घाई केली की शाई फुटते.
कडा सुटताना कागद किंचित उसासतो.
पहिलं वर्षभर मला त्या आवाजाची लाज वाटायची.
नंतर नुसता आवाज.

कोण म्युनिकच्या मावसभावाकडे कॉफी मागतंय,
कोण लिहितंय "इथे सगळं छान आहे"
आणि "छान"खाली दोनदा रेघ मारतंय.
तेवढ्या रेघेवर माणूस घरातून उचलला जायचा.

गुरुवारी संध्याकाळी मी बूट घेऊन
हारालांबिए चांभाराकडे जायचो.
सहा वर्षं त्याने एकाच बुटाची टाच ठोकली.
टाचेखाली सिगारेटच्या कागदावर नावं:
या आठवड्यात गाडी कुणाच्या दाराशी थांबणार.
तो म्हणायचा, "डावा पाय फार झिजतो हो तुमचा."
मी म्हणायचो, "चढ आहे ना घराकडे."
यापलीकडे आम्ही बोललो नाही.
त्याला मुलं होती का, मला माहीत नाही.

सगळी नावं देता यायची नाहीत.
हे मला कुणी विचारत नाही, म्हणून आपणच सांगतो.
सगळीच पाखरं उडाली
तर पारधी जाळं विणणाऱ्याकडे वळून बघतो.
म्हणून दहातली तीन.
कुठली तीन, ते मी ठरवायचो,
ट्राममध्ये उभ्याने, काखेत पाव धरून.
एफ्रोसिना नावाची एक भूगोलाची शिक्षिका राहून गेली
कारण त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं.

घरी नाताळला संत्री यायची. फक्त आमच्याच घरी.
वेतुरिया सालं चुलीत जाळायची,
तरी जिन्यात वास उतरायचाच.
शेजारी नमस्कार करायचे, जरा जास्तच वाकून.

मग सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत एक निळा लिफाफा.
पत्त्यातल्या पहिल्या अक्षराची शेपटी ओळखीची,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर
मीच ती गिरवून घेतली होती.
स्मारांदा, माझी मुलगी, क्लुजच्या मैत्रिणीला:
"घरच्या पत्त्यावर लिहू नकोस.
बाबा त्यांच्यातले आहेत.
ते पाव कापतात तेव्हा मला फक्त सुरी दिसते."

तीनदा वाचलं.
खरं सांगू? आधी वाटला तो अभिमान.
सोंग इतकं घट्ट बसलं होतं
की माझ्याच रक्ताला ते कातडं वाटलं.
मग हात हलला. वाफ जास्त झाली.
"बाबा"वर एक निळा डाग पसरला.

वहीत नोंदवलं: कौटुंबिक मजकूर, दखल घेण्याजोगं काही नाही.
चिकटवलं. पुढे पाठवलं.
त्या रात्री पाव कापला,
पातळ, तिला आवडतो तसा.
तिने सुरीकडे पाहिलं.
मी तोंडाची वाफ दवडली नाही.

हारालांबिए गेला खोकल्याने,
राजवट पडायच्या दहा महिने आधी.
आता फायली उघडल्या आहेत, हवं त्याने जाऊन बघावं.
माझी चारशे पानं,
प्रत्येकाखाली माझी सुबक सही.
दुसऱ्या माणसाची एक ओळ नाही.
तो सिगारेटच्या कागदावर होता,
आणि चांभार वाचून झालं की
त्यातच तंबाखू वळून ओढायचा.
म्हणजे माझा पुरावा
त्याच्या छातीत गेला.

स्मारांदा तुरीनला असते.
ईस्टरला कार्ड येतं, आत नुसतं नाव.
घरात किटली आहे, हाडाची सुरीही खणात आहे.
मी लिफाफा बोटाने फाडतो,
वाकडातिकडा,
ज्याने आयुष्यात कधी
दुसऱ्याचं पत्र उघडलं नाही त्याच्यासारखा.