गुरुवारची शिकवणी

वय एकोणीस, आणि खिशावरच्या काळ्या पाटीवर: एल्डर.
म्हणजे वडीलधारा, त्यानंच सांगितलं
आणि स्वतःच हसला. दाराच्या चौकटीएवढा पोरगा,
टोंगा नावाच्या बेटावरून थेट गड्डीगोदामात.
आडनाव हाफोका.
दुसरा राजमहेंद्रीचा जक्कुला, कमी बोलायचा,
दोन्ही सायकलींना कुलूप लावणं त्याच्याकडे.

दोघंही चहा घेत नसत.
पहिल्या दिवशी मला रागच आला.
नागपुरात चहा नको म्हणणं म्हणजे
उंबऱ्यातूनच घराला नावं ठेवणं.
मग मी ताक करू लागले, जिरं भाजून.

मी मराठी शिकवायचं, त्यानं मला देव शिकवायचा नाही,
हे आधीच ठरलं होतं. पुस्तक पिशवीत राहायचं.
ळ जमला, ण जमला,
च चे दोन उच्चार मात्र त्यानं शेवटपर्यंत
एकाच दावणीला बांधले.

एका गुरुवारी म्हणाला, बाई, शब्द पाहिजे.
चालताना आतून कोणी सांगतं,
या गल्लीत वळ, त्या दारापाशी थांब.
कारण सांगत नाही. त्याला तुम्ही काय म्हणता?

प्रेरणा, मी म्हटलं.
ते बँकेच्या कॅलेंडरवर लिहिलेलं असतं, तो म्हणाला.
अंतःप्रेरणा? तेच कॅलेंडर, मोठं.
कौल? पण कौल आधी मागावा लागतो.
हुक्की म्हटलं आणि मीच लाजले.
कसं वाटतं रे नेमकं?
छातीवर पंजा ठेवून म्हणाला, इथं गरम होतं.
अरे बाप्पा, मे महिना आहे,
सेहेचाळीस डिग्रीत सगळ्यांनाच होतं.
कांदा ठेव खिशात.

त्याच महिन्यात, भर तीनच्या उन्हात,
निरोप घेऊन गेले आणि दहा मिनिटांत परत दारात.
काऊन रे, काही राहिलं?
नाही बाई. रेल्वे पुलापर्यंत गेलो. मग, परत जा, असं...
वाक्य तिथंच सोडून माझ्याकडे बघत राहिला,
जसं काही पुढचं माझ्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मी गॅस पाहिला. बंद होता.
नाडी पाहिली, आधी माझी, मग त्याची.
जक्कुलानं न सांगता कूलरमध्ये चार बादल्या पाणी टाकलं.
खसाच्या वासात बसले थोडा वेळ, गेले.
काही घडलं नाही.
रात्रभर मी मोजत होते
काय काय घडलं असतं.

ऑगस्टात त्याची बदली झाली. मग तो बेटावर गेला.

यंदा नोव्हेंबरात सदरच्या बँकेत गेले होते,
जिवंत असल्याचा दाखला द्यायला.
सही केली, अंगठा दिला, जिवंत ठरले.
ऑटोत बसले. गड्डीगोदाम म्हणायचं होतं,
तोंडातून निघालं मानेवाडा.

मानेवाड्याला वन्स राहतात.
नऊ वर्षं बोललो नव्हतो,
एका शिलाई मशीनवरून, हे गेल्यानंतर.
छाती गार होती, हे सांगायला हवं.
उलट अख्ख्या वाटेत चडफडत होते,
एवढं ऑटोचं भाडं कशापायी.

वन्सनं दार उघडलं, हाताला कणीक.
काऊन, म्हणाल्या, काही राहिलं होतं?
मी तशीच उभी, तो राहिला होता तशी,
आणि आत कुठूनच पुढचं वाक्य येईना.
चहा टाकते, म्हणाल्या.
मशीन खिडकीशी होतं, वर कपड्यांचा ढीग.
दोघींपैकी कोणी तिकडे पाहिलं नाही.

परतताना शब्द सापडला. हटकणं.
घराबाहेर निघालेल्याला हटकू नये,
काम होत नाही, आई म्हणायची.
आणि तरी कोणी हटकतं,
मागून, नाव न घेता.

वहीत लिहून ठेवलाय.
बेटाचा पत्ता माझ्याकडे नाही.
जक्कुलाला विचारावा. कमी बोलतो,
पण कुलपांच्या किल्ल्या त्याच्याकडेच असायच्या.