सहावी जागा

ओनोदेराच्या दुकानात, नोंदणीच्या कागदावर
मी लिहिलं : सहाच्या सहा, बर्फ.
त्यानं चष्म्यावरून पाहिलं.
“इसोबेबाई, बर्फाला बचाव नाही.
आग जाळते, दगड फोडतो, पोलाद चेचतं,
पैलवानाची एक बुक्की पुरते.
बर्फाचा मार सोसतो, बस्स, तेवढाच.”
म्हटलं, ठाऊक आहे.
मोम्बेत्सुत बावन्न हिवाळे काढलेत मी.

एकाच कुळीची फौज बांधायची म्हणजे
भिंतीला भोक कुठे आहे हे गावभर सांगून
मग घर बांधायला घेणं.
समोरचा काय घेऊन येणार, ते ठरलेलंच.
आपल्या हातात एवढंच,
भोकाशी कुणाला उभं करायचं.

नोरिए पहिली. ती आली की बर्फ पडायला लागतो
आणि बाकीच्यांची कातडी थोडी जाड होते.
फुसाको थोराड, सुळेवाली, हलता हलत नाही,
मार खाऊन झाला की मग विचार करते.
तात्सुको वेगाची. सुरीसारखे हात. एक फटका बसला तर संपली,
पण बसू देते कुठे.
सुमिए अर्धी पोलादाची :
दगडाचं तिला विशेष काही नाही, आग मात्र चौपट.
कियो अर्धी पाण्याची, आगीपुढे तीच एक टिकते,
म्हणून प्रत्येक डावात कियोला पुढे ढकलावं लागतं
आणि प्रत्येक डावात मला तिची माफी मागावीशी वाटते.

नावं मी ठेवली. शिंपल्यांच्या कारखान्यात
तीन नंबरच्या रांगेत आम्ही सहाजणी होतो.
आता तिथं एक यंत्र आहे.
ते मिनिटाला नव्वद शिंपले उघडतं, आणि गुणगुणत नाही.
पाचजणी गेल्या. मला ठेवलं, फरशी धुवायला.

सहावी जागा तीन आठवडे रिकामी होती.
रात्रपाळीनंतर खारट बोटांनी
एकेकीला बसवून पाहायचे, काढायचे.
शेवटी घेतली ती बर्फाची गोगलगाय,
जी कुणीच घेत नाही.
तिला एकच गोष्ट नीट येते :
समोरच्यानं मैदानात पसरलेले टोकदार दगड
झाडून बाजूला करणं.
तिला नाव दिलं नाही.

फेब्रुवारीचा दुसरा रविवार. मच्छीमार सोसायटीचा वरचा मजला.
खिडकीबाहेर वाहता बर्फ किनाऱ्याला येऊन टेकलेला,
समुद्र आहे हे नुसतं आठवणीवर.
उपान्त्य फेरीत इबुकी, वय अकरा,
नाक वाहतंय, चेहऱ्यावर सावकाराची शांती.
पहिल्याच चालीत दगड पसरले त्यानं.
फुसाकोला मी बूट घातले होते, ती त्यांवरून चालत आली.
बाकीच्या रक्ताळत आल्या.
गोगलगाईनं एकदा झाडलं. त्यानं पुन्हा पसरले.
तिनं पुन्हा झाडलं.
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं,
आणि मला ते हसू ओळखीचं वाटलं,
कारखान्यातल्या नव्या साहेबाचं, ओल्या फरशीवरून जाताना.

तात्सुकोनं त्याचे तीन पाडले. तीन!
मग आग आली. कियो जेवढी टिकायची तेवढी टिकली.

शेवटी त्याचा ज्वाळांचा सरडा, श्वासापुरता उरलेला,
आणि माझी गोगलगाय.
घड्याळात चाळीस सेकंद.
इबुकीनं अडतीस घेतली. एवढा विचार
तिच्याबद्दल आजवर कुणी केला नसेल.

“एक पाण्याचा अस्सल घेतला असता तर जिंकला असतात,”
तो नंतर म्हणाला, नाक पुसत.
“हो,” मी म्हटलं.
“मग?”
मी त्याला संत्र्याची अर्धी वाटणी दिली.

परतताना बंदराच्या बाजूनं बर्फ एकमेकांवर घासत होता,
दात खाल्ल्यासारखा आवाज.
बसथांब्यावर हातमोजा दातांनी काढून
फुसाकोचे बूट तात्सुकोला घातले.
पुढच्या महिन्यात कितामी.
बॅटरी अकरा टक्के, बसला बारा मिनिटं.