जोड

आधी खुब्ज अडकला, मग भात.
मग एका दुपारी सोहारच्या साइटवर
बाटलीतलं पाणी छातीत उभं राहिलं,
पुढचा वाल्व्ह बंद असल्यासारखं.
बावीस वर्षं पाइप जोडतोय मी.
तुंबणं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको.

मस्कतला डॉक्टर हमूद रियामींनी
रिपोर्ट उलटा करून मागे चित्र काढलं:
एक नळी, तळाशी गाठ, बाजूला फुप्फुस.
मी म्हटलं, पेन द्या.
तिरक्या रेघांत आयसोमेट्रिक काढून दिलं,
एल्बोसकट.
ते पुण्यात शिकलेले, "दुखतंय का" एवढं मराठी येतं.
हसले, खुर्ची जवळ ओढली,
आणि आम्ही एकाच ड्रॉइंगवर वाकलो.

नळी कापायची, हे ठरलेलं.
जठराचीच नवी नळी करून वर ओढायची, हेही.
प्रश्न एवढाच, आत शिरायचं कुठून.

बरगड्या फाकवून, म्हणजे रस्ता खणून लाइन काढणं.
सगळं डोळ्यांसमोर,
पण रस्ता महिनोन्‌महिने दुखतो,
माणूस खोकायला भितो
आणि कफ आत साचत जातो.

दुसरी रीत: बोटाएवढी चार-पाच भोकं,
एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब सरळ काठ्या.
हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं.
हे मला लगेच कळलं.
मॅनहोलमध्ये पडलेला नट
चिमट्याने काढलाय कधी?

तिसरी: भोकं तशीच, पण काठीला मनगट.
डॉक्टर कोपऱ्यात बसणार, डोकं यंत्रात घालून,
मी खोलीच्या मध्ये, यंत्राच्या हातांखाली.
वेळ जास्त, पैसे जास्त.
"आवाजाच्या नसेपाशी जागाच नसते,
तिथे मनगट उपयोगी पडतं."
आणि जगण्याचं? मी विचारलं.
छातीठोक सांगता येणार नाही, म्हणाले.
छातीठोक हा शब्द माझा.
ते नुसते "अजून नाही माहीत" म्हणाले होते.

कहवा ओतताना त्यांचा हात किंचित हलला.
मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.
"यंत्र एवढं गाळून टाकतं," म्हणाले.
मी माझे हात टेबलाखाली घेतले.

कंपनीच्या विम्यात मनगट बसत नव्हतं.
काठ्या बसत होत्या.
चला, चिमट्याने नट काढणारा माणूस
मला परका नाही.

मग राहिला जोड.
छातीत ठेवला तर गळायची भीती कमी,
पण गळला तर आत, काळजाला लागून.
मानेत ठेवला तर गळायची भीती जास्त,
पण दोन टाके उसवले की हात पोचतो.
आणि मानेतच ती नस.

रात्री दाभोळला फोन लावला.
जैबुन म्हणाली, मला नळातलं काय कळतं, तुम्हीच ठरवा.
बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत होता तिच्याकडचा.
मग म्हणाली, "हात पोचेल तिथे ठेवा."
बावीस वर्षं हेल्परांना मी हेच सांगत आलो.
तिला कधी सांगितलं नव्हतं.

आठव्या दिवशी एक्स-रेसमोर उभं केलं,
हातात कडवट औषधाचा पेला.
ही हायड्रो टेस्ट, मी ओळखली.
घशात आवाज नव्हता, नुसती हवा.
याच घशाने कंप्रेसरच्या वर ओरडायचो क्रेनवाल्याला,
उचलायला हबेस,
सोडायला आरिया.
काचेआड डॉक्टर, शेजारी बिन्सी सिस्टर,
कुणी कुणाशी बोलेना.
पडद्यावर काळी रेघ मानेत उतरली,
जोडापाशी थांबली.

मी ओठांनीच म्हटलं,
आरिया.
थोडं अजून आरिया.