घर्षण नगण्य

उदाहरण चौथे.
एक माणूस तेहतीस किलोची टाकी
अठ्ठावीस मीटर उंचीवर नेतो.
घर्षण नगण्य माना. गुरुत्वत्वरण दहा घ्या.

माणूस कुठला, पुस्तक सांगत नाही.
यास्नाला माहीत आहे.
वाल्पाराइसोच्या या टेकडीवर
एकशे साठ पायऱ्या आहेत,
फुटलेली एकोणनव्वदावी धरून.
पट्टीने मोजून आली ती काल,
एकेक साडेसतरा सेंटिमीटर.
पाळणागाडी बंद पडली तेव्हा ती रांगत होती.

तिच्या भाषेत शब्द एकच, त्राबाहो:
बाप सकाळी सहाला जातो तेही
आणि बल गुणिले अंतर तेही.
आपण निदान काम वेगळं ठेवलं, कार्य वेगळं.
तिला ती सोय नाही.

नऊ हजार दोनशे चाळीस ज्यूल.
शेवटच्या पानावरचं उत्तर जुळलं.
ती मात्र खोडते.
टाकी काय एकटी चढली?
बहात्तर किलोचा एलेउतेरिओ
कुणी नेला वर?
पुन्हा मांडते:
एकोणतीस हजार चारशे.
आता जुळत नाही.
ते तसंच ठेवते, खाली दोन रेघा ओढून.

बाप बूट काढत असतो.
डाव्या टाचेचं रबर झिजून बशीसारखं झालंय,
खांद्यावरच्या गोणपाटाखाली घट्टा.
नगण्य.

किती वेळ लागतो तुला वर जायला?
सात मिनिटं. वारा असला तर आठ.
सात धरू.
सत्तर वॅट, बाबा.
म्हणजे?
म्हणजे जिन्यातला साठचा बल्ब तू पेटवशील,
वर दहा उरतील.
तो हसतो. दहा कुणाला द्यायचे?

आणि दोन्या ओर्तेन्सिया दारात
डब्यात, उशीखाली, कोटाच्या अस्तरात
सुटे पैसे शोधत असते,
मी टाकी खांद्यावरच ठेवून उभा,
उतरवली की पुन्हा उचलणं आलं,
त्याचे किती?

यास्ना पान उलटते. परत उलटते.
टाकी हलली नाही ना?
नाही. हात थरथरतात फक्त.
मग शून्य.

शून्य, तो म्हणतो,
तोंडात खडा यावा तसा.
हे मालकाला सांगू नकोस हं.

बराच वेळ कुणी बोलत नाही.
खाली बंदरात क्रेन कंटेनर उचलते,
तिची शक्ती तिच्या अंगावर लिहिलेली,
इथून वाचता येत नाही.

बाबा, ऐक.
दहा मिनिटं घेतलीस ना,
तरी कार्य तेवढंच भरतं, एक ज्यूलही कमी नाही.
मी तीनदा केलं गणित.
फक्त एकोणपन्नास वॅट. हळू चढ.

बल्ब मंद होईल मग.
होऊ दे.

तो दुसऱ्या बुटाची नाडी सोडवतो,
गाठ ओली आहे, सुटत नाही.
आणि दोन्याचं आंघोळीचं पाणी, तो म्हणतो,
तीन मिनिटं उशिरा तापेल,
ते कुठे धरलंस?